गोव्याचा जुलै पाहिलात का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक ६८ वर्षांचे, खासगी कंपनीतून निवृत्त. नोकरीसाठी दिल्लीकडे गेले ते तिकडचेच झाले. सध्या नोएडात स्वतःच्या तीन बेडरूमच्या घरात राहतात. पत्नी ६४ वर्षांच्या. कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही, पण लहानपण चुलीच्या धुरात गेलं. पाच वर्षांपूर्वी सीओपीडीचं, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याच्या आजाराचं, निदान झालं. गेले दोन्ही हिवाळे दिवाळीनंतर हॉस्पिटलात काढावे लागले. रात्री दोन लिटर ऑक्सिजन लागतो. जानेवारीत दोघं दहा दिवस कळंगुटला राहिली, तेव्हा बाई न थांबता एक जिना चढल्या. त्यावरून नोएडाचं घर विकून कळंगुटला समुद्रापासून दोनशे मीटरवर फ्लॅट घ्यायचं यांनी ठरवलं आहे, टोकन तेवढं द्यायचं बाकी आहे. वेंगुर्ल्याजवळचं गावचं घर भावकीच्या वादात अडकलेलं. गुरुग्रामच्या मुलाचा या बेताला विरोध आहे, कारण ‘हवा हेच औषध हे त्याला कळत नाही’. पत्नीचं मत पत्रात एकाच ओळीत आलं आहे: ‘ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं.’

नमस्कार,

पहिलं काम, टोकन थांबवा. गोव्याला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जायचं कधी, राहायचं कुठे आणि नोएडाचं घर विकायचं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही तिन्हींची एकच मोट बांधली आहे.

वहिनी जिना चढल्या हे खरंच आहे, त्यात मनाचा खेळ नाही. जानेवारीत नोएडात पहाटे पारा सहा-आठ अंशांवर असतो, वारा पडलेला असतो, आणि थंड हवेच्या झाकणाखाली धूर जमिनीलगत कोंडून राहतो. गोव्यात त्याच पहाटे वीसच्या आसपास तापमान, कोरडी हवा आणि दुपारी समुद्रावरून वारा. सीओपीडीच्या रुग्णाला थंडी आणि धूर दोन्ही एकदम टळल्यावर बरं वाटणारच. फुफ्फुसाचा गेलेला भाग त्याने परत येत नाही, पण दम लागण्याचे झटके कमी झाले तर फुफ्फुस उतरणीला लागण्याचा वेगही कमी होतो. तेव्हा हिवाळ्यात दिल्लीबाहेर पडायचं हा तुमचा विचार शंभर टक्के बरोबर आहे.

फक्त तुम्ही गोवा पाहिलात तो जानेवारीतला. गोव्याचा जुलै पाहिलात का?

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दिल्लीत वर्षभरात पडतो तो ८०० च्याही आत. या चार महिन्यांत गोव्यातल्या हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांवर असते. कपाटाच्या मागच्या फळीवर करडे ठिपके येतात, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी धरते, गाद्या थंड लागतात, टॉवेल तीन दिवस वाळत नाही. घरातल्या धुळीत राहणारे सूक्ष्म किडे ५०-६० टक्क्यांवरच्या आर्द्रतेत फोफावतात. काही सीओपीडी रुग्णांना धुरापेक्षा ही बुरशी जास्त बाधते, विशेषतः सोबत दम्याचा किंवा अ‍ॅलर्जीचा भाग असेल तर. वहिनींच्या फाइलमध्ये रक्तातल्या इओसिनोफिल पेशींचा (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) आकडा असेल. फुफ्फुसांच्या डॉक्टरांना तो दाखवून सरळ विचारा: ‘हिला ओल बाधेल का?’ या एका उत्तरावर तुमचा निम्मा निर्णय होईल.

आणि आता गंमत बघा. गोवा सगळ्यांत कोंदट असतो त्या जुलै ते सप्टेंबरात दिल्लीची हवा वर्षातली सगळ्यांत स्वच्छ असते, कारण पाऊस धूळ बसवतो. दिल्ली विषारी होते ती साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि गोवा सुखाचा असतो तोही नेमका तेव्हाच. दोन्ही ठिकाणांचे चांगले महिने एकमेकांत इतके चपखल बसतात की कायमचं बिऱ्हाड हलवायची गरज आहे का, हाच खरा प्रश्न आहे. कोजागिरीच्या सुमाराला निघायचं, होळीच्या आधी परतायचं. एप्रिल-मे दोन्हीकडे त्रासाचेच. दिल्लीत धुळीची वादळं आणि चव्वेचाळीस अंश, गोव्यात तेहेतीस अंश पण घामाने निथळणारे. तेवढे दिवस एसीत काढायचे.

गोव्याची हवा सगळीकडे सारखी स्वच्छ असते हाही समज सोडा. वास्कोत मुरगाव बंदरावर कोळसा उतरतो. सांगे, केपे, सावर्डे भागात खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ असते. वेर्णा आणि कुंडई इथे औद्योगिक वसाहती आहेत. महामार्गालगत पुलाचं-रस्त्याचं काम चालू असेल तर खिडकी उघडायची सोय नाही. शिवाय एक गोष्ट कुठल्याही यंत्रावर दिसत नाही: जानेवारी ते मार्च गावागावांत पालापाचोळा झाडून सकाळी अंगणात जाळतात. शेजारच्या परसातला असा एक ढीग वहिनींना तुमच्या सेक्टरमधल्या आख्ख्या रहदारीपेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. जागा बघायला म्हणून सकाळी सात ते नऊमध्ये जा. तेव्हाच धूर दिसतो. न्हाणीचं पाणी अजून चुलीवर तापतं का, हेही शेजारी विचारून घ्या.

‘मग आपल्या वेंगुर्ल्यालाच का नको?’ हा प्रश्न भावकीचा वाद मिटला की कोणीतरी काढणारच. हवा छान, माणसं आपली, पण रोग अवघड झाला की सिंधुदुर्गातले रुग्णच गोव्याला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात येतात. तो प्रवास अर्ध्या रात्री, पावसात, दम लागलेल्या माणसाला घेऊन करायचा आहे असं समजून ठरवा.

त्याच कारणासाठी कळंगुट नको. डिसेंबरअखेर, म्हणजे तुम्ही तिथे असाल नेमकं तेव्हा, त्या पट्ट्यात गाडी तासन्‌तास रेंगाळते, आणि थर्टी फर्स्टच्या फटाक्यांचा धूर दिल्लीच्या दिवाळीची आठवण करून देतो. समुद्रापासून दोनशे मीटरवर खारं वारं एसीच्या बाहेरच्या युनिटची कॉइल काही वर्षांत खाऊन टाकतं, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राच्या, आतल्या पट्ट्यांनाही सोडत नाही. समुद्र बघायला जायचा असतो, त्याच्या उशाशी झोपायची गरज नसते. बांबोळीपासून अर्ध्या तासात असं ठिकाण धरा. पणजी-ताळगाव बाजूला मिरामार आणि कांपालचे सपाट रस्ते चालायला उत्तम आहेत, आणि रोज वीस-तीस मिनिटं सपाटीवर चालणं हा वहिनींच्या उपचाराचाच भाग आहे. आल्तिनोसारखा चढ टाळा. फोंडा आतल्या बाजूला आहे, भाडं किनाऱ्यापेक्षा परवडतं, मराठी ऐकू येतं, पण तिथे पाऊस जास्त आणि हॉस्पिटलचं अंतर थोडं वाढतं. मडगाव दक्षिणेला, रेल्वेच्या दृष्टीने सोयीचं.

पहिल्या वर्षी भाड्याने राहा. मोसमात घरमालकांना पर्यटकांचे पैसे दिसतात, त्यामुळे किनाऱ्यालगत पाच महिन्यांसाठी घर मागितलं तर भाडं डोळे पांढरे करणारं निघतं. आतल्या भागात नेहमीचा ११ महिन्यांचा करार करून पाचच महिने राहिलात तरी बहुधा स्वस्त पडतं. मात्र तेव्हा पावसाळ्यात घर बंद ठेवायचं नाही. बंद घरात महिन्याभरात बुरशीचा गालिचा होतो. आठवड्यातून एकदा येऊन खिडक्या उघडेल, पंखे फिरवेल, कपाटं पुसेल अशी बाई किंवा माणूस आधी ठरवा, मगच करारावर सही करा. भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. तो मालकाने भरला की नाही, ते स्वतः बघा.

घर कसं बघायचं? तळमजला नको, चिऱ्याच्या जुन्या भिंतीतून ओल वर चढते. सगळ्यांत वरचा मजलाही नको, स्लॅब गळतो. मधला मजला आणि लिफ्ट हवी. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंती हाताने दाबून बघा, पाऊस त्याच बाजूने झोडपतो. रंग फुगलेला असेल किंवा नुकताच फक्त तेवढ्याच भिंतीला दिला असेल तर समजून जा. कपाट उघडून आत तोंड घाला आणि वास घ्या. मालकाला चालेल तर गादी उलटी करून बघा. हे सगळं फेब्रुवारीत केलंत तर घर खोटं बोलतं, जुलैत बोलत नाही.

म्हणून माझी सूचना: हिवाळ्यातल्या मुक्कामाआधी, जूनअखेर किंवा जुलैत, तीन आठवडे गोव्यात राहून या. सोबत पाचेकशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा यंत्राचा डबा न्या आणि वहिनींच्या पलंगाशेजारी ठेवा. आकडा ६० च्या खाली ठेवता येतो का, हे बघायचं. दीडशे चौरस फुटांच्या खोलीला दिवसाला वीसेक लिटर पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर पुरतो. तो चालू असताना खिडक्या बंद हव्यात, आणि टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, म्हणून नळी थेट बाथरूमच्या मोरीत सोडा. एसीचा ड्राय मोडही बऱ्यापैकी काम करतो. कपडे त्या खोलीत वाळत घालायचे नाहीत, हे घरात काम करणाऱ्या मावशींना दोनदा सांगा.

फरक पडला की नाही हे ‘बरं वाटतं’ यावर ठरवू नका. नवीन जागेत सगळ्यांनाच बरं वाटतं, शिवाय तिकडे स्वयंपाक आणि धावपळही कमी असते. निघण्यापूर्वी नोएडात स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची चाचणी) आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी करून घ्या. सीओपीडीसाठी ‘कॅट’ नावाची आठ प्रश्नांची प्रश्नावली असते, एकूण गुण ४०, जितके कमी तितकं चांगलं. दर रविवारी एकाच वेळी ती भरा. दोन गुणांचा फरक टिकला तर तो दखल घेण्याजोगा. वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: बसल्या जागी आणि चालल्यावर ऑक्सिमीटरचा आकडा, तातडीच्या पंपाचे किती पफ लागले, आणि रात्री किती वेळा जाग आली. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागला तर तारीख वेगळ्या शाईने. परत आल्यावर ही वही डॉक्टरांसमोर ठेवा. मुलासमोरही ठेवा, कारण तुम्हा दोघांचं भांडण आकड्यांवर आलं की निम्मं मिटेल.

ऑक्सिजनचं गणित मात्र जाण्याआधीच करायचं. पावसाळ्यात झाड तारांवर पडतं आणि गावाकडे वीज काही तासांसाठी जाते. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो. दीडशे अँपिअर-अवरची एक बॅटरी नवीन असताना तो तीन-साडेतीन तास चालवेल, जुनी झाली की दोन. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. त्यामागे एक ‘बी’ टाइपचा सिलिंडर भरून ठेवा. त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, दोन लिटरच्या वेगाने साडेबारा तास. रेग्युलेटर लावायचा आणि काढायचा सराव तुम्ही दिवसाउजेडी चार वेळा करा, अंधारात टॉर्च तोंडात धरून पहिल्यांदा नको. यंत्रात हवेतला नायट्रोजन शोषून घेणारं झिओलाइट असतं, ते ओलाव्याने निकामी होतं, तेव्हा मागची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा आणि यंत्र भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. एवढ्या कमी वेगाला ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली लावायची गरज बहुधा नसते. डॉक्टरांना विचारून काढली तर पाणी बदलण्याची कटकट वाचते. तुमच्या कंपनीचा सर्व्हिसचा माणूस गोव्यात आहे का, हे फोन करून विचारा. नसला तर बंद पडलेलं यंत्र पुण्या-मुंबईला जातं आणि तुम्ही वाट बघत बसता.

वहिनी रोटाकॅप (श्वासातून ओढायच्या पावडरीची कॅप्सूल) घेत असतील तर ती कॅप्सूल ऐन वेळीच बाहेर काढायची. आधी भरून ठेवली तर दमट हवेत पावडरीच्या गुठळ्या होतात आणि औषध छातीत न जाता डबीतच राहतं. ‘गोव्यात पंप लागू पडेनासा झाला’ अशा तक्रारींत हेही एक कारण असू शकतं.

आणि एक काटेकोर गोष्ट. दम वाढला म्हणून ऑक्सिजनची चावी स्वतःहून वाढवू नका. अशा रुग्णांत ऑक्सिमीटरचा आकडा बहुधा ८८ ते ९२ मध्ये ठेवतात. जास्त दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते, आणि घरच्यांना वाटतं शांत झोप लागली. वाक्य एका दमात पूर्ण होत नाही, ओठ निळसर दिसतात, बोलताना झापड येते, नेहमीच्या ऑक्सिजनवर आकडा ८८ च्या खाली राहतो, यातलं काहीही दिसलं की १०८. घराचा पत्ता, जवळची ठळक खूण, औषधांची यादी आणि ‘सीओपीडी, ऑक्सिजन मर्यादित’ एवढं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. फोन शेजाऱ्याला करावा लागला तर त्याला ते वाचता यायला हवं. इन्फ्लुएन्झाची लस पावसाळ्याआधी, न्यूमोनियाची झालेली नसेल तर तीही.

प्रवासाचंही ठरवून ठेवा. रेल्वेच्या डब्यातला चार्जिंगचा प्लग मोबाइलसाठी असतो, कॉन्सन्ट्रेटर त्यावर चालत नाही. विमानात बॅटरीवरचं छोटं यंत्र नेता येतं, पण कंपनीला आधी कळवून आणि डॉक्टरांचं पत्र घेऊनच.

विम्याबद्दल. पाच महिने राहण्यासाठी पॉलिसी बदलायची गरज नाही. तीच चालू ठेवा, हप्ता एक दिवसही चुकवू नका, कारण या वयात आणि या आजारात नवीन पॉलिसी मिळणं जवळजवळ अशक्य. गोव्यातली कुठली हॉस्पिटलं कॅशलेस यादीत आहेत, ते मात्र आजच बघा. गोव्याच्या सरकारी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेवर विसंबू नका, तिला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. बांबोळीला बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांकडून २०१८ पासून शुल्क घेतात. केंद्राचं सत्तरीनंतरचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड तुम्हाला दोन वर्षांनी मिळेल, वहिनींना मात्र सहा वर्षं थांबावं लागेल.

घर विकण्याचं आता. विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं. म्हणजे आधी विकलंत की घड्याळ सुरू झालं, आणि मग पावसाळा न बघताच कुठलं तरी घर उरकून टाकावं लागतं. दोन पावसाळे नीट काढले आणि तरीही गोवाच हवा असं ठरलं, तर खरेदीच्या वेळी सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला), नमुना १ व १४ (जमिनीचा उतारा) आणि किनारा नियमन क्षेत्राची हद्द तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या. विकणारा विवाहित असेल तर दोघा नवरा-बायकोच्या सह्या लागतात. गोव्यात हा मुद्दा सुटला तर व्यवहार पुढे अडकतो.

आता त्या एका ओळीबद्दल. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे आपल्याकडे होकारही असतो, आणि वाद नको म्हणून सोडलेला विषयही. पत्रात वहिनींची फुफ्फुसं पानभर आहेत, वहिनी एका ओळीत. त्यांना ‘जाऊया का?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. ‘तिथे सकाळी अकरा वाजता तू काय करशील?’ असं विचारा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. नोएडात त्यांची भिशी असेल, दुपारी फोन करणारी कोणी असेल, नातवाला शाळेतून आणायचा वार ठरलेला असेल. गोव्यात दोनशे मीटरवर समुद्र आणि दोन हजार किलोमीटरवर माणसं. दुसरा प्रश्न त्या विचारणार नाहीत म्हणून मी विचारतो: तुम्हालाच काही झालं तर? गाडी तुम्ही चालवता, सिलिंडर तुम्ही लावता, औषधं तुम्ही आणता. मुलाचा विरोध हवेला नसून याला असेल. त्याला विरोधक न समजता जुलैतल्या एका आठवड्यासाठी सोबत न्या. रेग्युलेटर त्यालाही लावता यायला हवा.

जुलैच्या त्या मुक्कामासाठी सामानात आर्द्रतेचा डबा, वही, ऑक्सिमीटरचे जादा सेल, रबराच्या चपला आणि साधी सुती चादर. चामड्याची चप्पल मुद्दाम एक न्या, कपाटात ठेवा, आणि निघायच्या दिवशी बाहेर काढून बघा.